दाब सोसून उभी राहिलेली बाटली

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये प्लास्टिकच्या अनेक वस्तू घडतात. त्या आपण वापरतो आणि टाकून देतो. त्यांच्या घडणीकडे पाहायचे राहूनच जाते. उच्च दाबाने टिकवलेल्या फळरसाची साधी पेट बाटली मात्र थांबून पाहावी अशी आहे. अनुज राक्यान यांच्या मुंबईतल्या ‘रॉ प्रेसरी’ने असे रस आपल्या दुकानांतल्या फ्रीजमध्ये आणले. रसाचे कौतुक पुष्कळ झाले, बाटलीचे राहिले.

या बाटलीवर काय गुदरते ते आधी पाहू. रस भरून, झाकण घट्ट लावून ती पोलादी पात्रात जाते. पात्रात थंड पाणी भरतात आणि दाब 600 मेगापास्कलपर्यंत चढवतात. वातावरणाच्या दाबाच्या हा सुमारे सहा हजार पट; प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सहा टनांच्या आसपास भार. जगातल्या सर्वांत खोल समुद्रतळावरही याच्या पाचव्या हिश्शाहून कमी दाब असतो. अशी दोन-चार मिनिटे गेली की बुरशी, यीस्ट आणि बहुतेक रोगजंतू निकामी होतात. रसाला उकळी लागत नाही, म्हणून ताजी चव राहते. अमेरिकेत बर्ट हाइट यांनी 1899 मध्येच दुधावर हा प्रयोग केला होता. बाजारात मात्र हे तंत्र 1990 मध्ये आले, जपानच्या मेइदी-या कंपनीच्या जॅममधून.

एवढ्या भाराखाली बाटलीचा चुरा का होत नाही? दाब सर्व बाजूंनी सारखा असतो आणि आतला रसही तितक्याच जोराने उलट दाबतो. तरीही या दाबाखाली पाण्याचे आकारमान जवळजवळ 15 टक्क्यांनी घटते. 200 मिलिलिटरची बाटली तेवढ्या वेळापुरती सुमारे 170 मिलिलिटरची होते आणि दाब उतरताच मूळ आकारावर येते. काचेला हे जमत नाही, ती तडकते; पत्र्याचा ताठ डबा चेपला की चेपलेलाच राहतो. आधी नमायचे आणि मग परत यायचे, हा या बाटलीचा खरा गुण.

आता तिची मान पाहा. रस जवळजवळ काठोकाठ भरलेला असतो, त्यामागे हिशेब आहे. हवा रसापेक्षा कितीतरी जास्त दबते. वर मोठी पोकळी राहिली तर तिथेच भिंत आत ओढली जाते आणि खांद्यावर कायमचा पोचा राहतो. झाकण आणि सील यांचीही परीक्षा असते. बाटली आक्रसताना झाकणाची पकड जराशी सैल पडली तरी पात्रातले पाणी आत शिरते.

भिंतीतला बदल डोळ्यांना दिसत नाही. दाब चढला की प्लास्टिकच्या रेणुसाखळ्यांमधली रिकामी जागा आक्रसते. पदार्थ तेवढ्या काळापुरता अधिक ताठ होतो आणि वास, वायू यांचा शिरकाव मंदावतो. संत्र्याच्या सालीतले लिमोनिन हे सुगंधी द्रव्य पॉलिथिन एरवी सहज शोषून घेते. दाबाखाली ते कमी शोषले जाते, असे प्रयोगांत दिसले आहे. उष्णतेचा त्रासही थोडाच. दर 100 मेगापास्कलला पाणी साधारण तीन अंशांनी तापते आणि दाब उतरताच पुन्हा निवते. रिटॉर्टमध्ये, म्हणजे बंद अन्न वाफेच्या उष्णतेने निर्जंतुक करणाऱ्या पात्रात, 121 अंशांच्या दमट उष्णतेत ईव्हीओएच या प्लास्टिकचा प्राणवायू अडवणारा थर ओल धरून दुबळा होतो. इथे त्याला तेवढी झळ पोचत नाही.

सगळेच प्लास्टिक मात्र या कसोटीला उतरत नाही. धातूचा मुलामा दिलेली चकचकीत फिल्म बाहेरून धड दिसते, पण मुलामा ताणला जात नाही. त्याला बारीक चिरा पडतात आणि प्राणवायू आत येऊ लागतो. थरांच्या पाऊचमध्ये प्रत्येक थर वेगवेगळा दबतो, म्हणून चिकटवण कच्ची असली की थर सुटतात. दाबाखाली प्लास्टिकमध्ये विरघळलेला वायू दाब झपाट्याने उतरला की फुगतो, आणि फिल्मवर पांढरे डाग किंवा फोड उमटतात. असा दोष बहुधा दाब उतरण्याच्या क्षणी उघडा पडतो.

वेष्टनाचे मोल वसईला नवे नाही. राजेळी केळ्यांची सुकेळी इथे केळीच्याच सुक्या पानांत बांधली जातात. खाणाऱ्याच्या मनात पदार्थ आणि पान वेगळे काढता येत नाहीत. या बाटलीचेही तसेच आहे. अन्न आणि वेष्टन एकाच पात्रात, एकाच दाबाला सामोरे जातात, आणि आधीच सीलबंद असल्यामुळे नंतर रसाला बाहेरचा हात लागत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: उच्च दाबाच्या तंत्रात निम्मे यश यंत्राचे, निम्मे बाटलीचे. वसईतल्या साचा घडवणाऱ्यांनी मान, सील आणि थरांची चिकटवण यांकडे त्याच नजरेने पाहावे. आणि वाचकांनी ही बाटली फ्रीजमध्येच ठेवावी, कारण काही जिवाणूंचे बीजाणू एवढ्या दाबातूनही तगतात. रस संपल्यावर ती सुक्या कचऱ्यात द्यावी. पेट पुन्हा वापरात येते.