आईला हॉटेलात जायचं होतं

दुबईतल्या सतवा भागात फिलिपिनो हॉटेलं एकमेकांना खेटून उभी आहेत. ऑफिसातली माझी एक सहकारी मनिलाजवळच्या गावातली. दर डिसेंबरला ती घरी जाते आणि नोव्हेंबर लागला की तिच्या बोलण्यात खाण्याशिवाय दुसरं काही नसतं. मागच्या वर्षी तिने मला सतव्यात नेलं आणि कारे-कारे मागवलं, कोळंबीचं. ताटात बघितलं तर वांगी, चवळीच्या कोवळ्या शेंगा, केळफूल आणि वर शेंगदाण्याच्या कुटाचा दाट, तांबूस रस्सा. मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, "हे आमचं आहे." ती हसली. तिखट मात्र अजिबात नव्हतं. खारटपणासाठी बाजूला कोळंबीची आंबवलेली चटणी, बागोओंग. पण वांगं आणि शेंगदाण्याचं कूट एका रश्शात म्हणजे सोलापूरच्या माणसाला परकं कसं वाटणार? भोगीच्या भाजीतून तीळ, गाजर आणि हरभरा काढला तर साधारण असंच काहीतरी उरेल.

कारे-कारे हे नाव 'करी'वरून आलं असं एक मत आहे. १७६२ साली ब्रिटिशांनी मनिला घेतलं तेव्हा मद्रासहून गेलेले शिपाई त्यांच्याबरोबर होते, त्यातले काही तिथेच राहिले, आणि त्यांच्या आठवणीतल्या कालवणातून हा पदार्थ झाला, असं सांगतात. खरं-खोटं असो. गोष्ट मला आवडली, कारण तीसुद्धा घरापासून लांब पडलेल्या माणसांच्या भुकेचीच गोष्ट आहे.

अशा माणसांसाठी फिलिपिनो भाषेत एक शब्दच आहे : बालिकबायन. बालिक म्हणजे परतणं, बायान म्हणजे देश किंवा गाव. परदेशी गेलेल्यांनी सुट्टीला घरी यावं म्हणून तिथल्या सरकारने १९७३ साली या नावाने योजना काढली. आता शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. जाताना न्यायच्या पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या खोक्याला बालिकबायन बॉक्स म्हणतात. माझ्या सहकारीचं असं खोकं ऑफिसच्या स्टोअररूममध्ये महिनाभर भरत होतं. त्यात साबण, चॉकलेट, बूट. आणि परत येताना काय आणणार? "पोट भरून येणार," ती म्हणाली.

मी जानेवारीत सोलापूरला निघालो तेव्हा माझ्या फोनमध्येही यादी होती. बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, येसराची आमटी, धपाटे, ताज्या शेंगांची चटणी, शेंगापोळी. दहा दिवस, तेवढ्यासाठी सतरा पदार्थ. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसल्यावर ही यादी मी आईला पाठवली. तिने अंगठा पाठवला.

संक्रांत झाली, गड्डा सुरू होता, होम मैदानावर पाळण्यांचे दिवे लागले होते. भोगीची भाजी झाली, भाकरी झाली. तिसऱ्या दिवशी मी येसराच्या आमटीचं नाव काढलं तेव्हा आई कणीक मळता मळता थांबली आणि म्हणाली, "तू महिनाभर यादी करतोस आणि मी दहा दिवस राबते. आज मला हॉटेलात ने."

इथपर्यंत येण्याआधी मी या लेखाचा वेगळा मजकूर डोक्यात तयार ठेवला होता. 'सोलापुरी' पाट्या लावणारी हॉटेलं आणि घरची चव अशी तुलना करायची, हॉटेलांना नापास करायचं, शेवटी आईच्या हातच्या भाकरीला पैकीच्या पैकी गुण. असे लेख तुम्ही शंभर वाचले असतील. रील तर रोज दिसतात : बाहेरगावी नोकरी करणारा मुलगा, चूल, आईचे हात, मागे बासरी. आईचं म्हणणं मात्र त्यात कुणी विचारत नाही.

सात रस्त्याच्या बाजूच्या एका हॉटेलात गेलो. एसी, लांब मेन्यू, टीव्हीवर मॅच. मी अर्थातच 'सोलापुरी स्पेशल थाळी' सांगितली. आईने पनीर बटर मसाला आणि तंदूर रोटी सांगितली. मी म्हणालो, आई, इथे येऊन पनीर? ती म्हणाली, "जे मला घरी करता येतं ते पैसे देऊन कशाला खाऊ? तंदूर आहे का आपल्याकडं?"

खरं म्हणजे हा समीक्षेचा पक्का निकष आहे, आणि माझ्या निकषापेक्षा प्रामाणिक. मी हॉटेलाकडे घर मागत होतो. तिला घर नसलेलं काहीतरी हवं होतं.

तरीही माझी थाळी आल्यावर परीक्षण तिनेच केलं. आमटीच्या वाटीत बोट बुडवलं, चाटलं. "येसर नाही. बेसन लावलंय दाटपणाला." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेली पूड. लग्नाकार्यात शंभर माणसांची आमटी याच्यावर निभते, कारण तेवढ्याने रस्सा दाटही होतो आणि खमंगही. बेसन दाटपणा देतं, खमंगपणा देत नाही. मग तो कुठून आणायचा? वरून लाल तेलाचा थर सोडायचा. थाळीतल्या चारही वाट्यांवर तोच थर होता. वांग्यावर, आमटीवर, मटकीवर, ठेच्यावरसुद्धा. चारही वाट्या एकाच वाटीतून आल्यासारख्या.

'सोलापुरी' या शब्दाचं मेन्यूवर काय झालंय ते इथे दिसतं. पुण्यात, मुंबईत आणि आता खुद्द सोलापुरातही तो 'तिखट' या शब्दाला प्रतिशब्द झालाय. कोल्हापुरीचं आधी झालं, मग सावजीचं, आता आपला नंबर. गावाचं नाव म्हणजे मिरचीची एक पायरी. जेवणारा घामाघूम झाला की अस्सल!

डोरीन फर्नांडिस या फिलिपाइन्समधल्या अन्नसमीक्षक बाईंचं काम इथे आठवतं. त्यांनी वर्तमानपत्रांत हॉटेलांवर लिहिलं आणि 'सराप' (१९८८), 'तिकिम' (१९९४) ही पुस्तकं केली. फिलिपिनो जेवणाचा प्रतिनिधी कोण, असा प्रश्न आला तेव्हा जगाला माहीत असलेलं आदोबो त्यांनी बाजूला ठेवलं आणि सिनिगांग पुढे केलं. सिनिगांग म्हणजे आंबट, पातळ कालवण. आंबटपणा कधी चिंचेचा, कधी पेरूचा, कधी बिलिंबीसारख्या एखाद्या परसातल्या फळाचा. मासे, मांस, जे मिळेल ते त्यात. एखाद्या ठरीव कृतीपेक्षा जवळपास काय पिकतं आणि कोण राहतं हे त्या वाटीतून कळतं, म्हणून तो पदार्थ त्यांना महत्त्वाचा वाटला.

हा प्रश्न सोलापूरला विचारून बघा. आपला आंबटपणा कुठे आहे? शहराच्या पूर्व भागात. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या घरी. शाळेत असताना माझ्या मित्राची आई दुपारी विड्या वळायची आणि आम्ही गेलो की भातावर पच्चि पुलुसु वाढायची : चिंचेचं कोळलेलं पाणी, कच्चा कांदा, मिरची, वर फोडणी. उकळायचंही नाही. उन्हाळ्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी या चार भाषा एका रिक्षात ऐकू येतात. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती विणणाऱ्यांच्या घरचं कालवण 'सोलापुरी' थाळीत यायला अजून वाट बघतंय. त्या मित्राला हॉटेलातून फोन लावला. "काय करलालास बे?" म्हणाला. मी विचारलं, तुमचं जेवण हॉटेलात कुठे मिळतं? "आमच्यात ये की," एवढंच उत्तर.

गोडाचं तर याहून अवघड. थाळीत गुलाबजाम होता, पाकातून काढून वाटीत टाकलेला, मधे थंड. गुलाबजामावर माझा राग नाही. पण सोलापूरकडे स्वतःचं मोठं गोड आहे. शेंगापोळी आहे, जी दुकानात कडक भाकरी आणि चटणीच्या शेजारी पाकिटात मिळते, म्हणजे ती प्रवासाला निघाली तरी. हुग्गी मात्र जागची हललेली नाही. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. नाव कन्नड. लिंगायत घरांत लग्नाला, जत्रेला ती हवीच. गहू ओलवून कांडायचा, साल काढायची, भिजवायचा, मऊ होईपर्यंत शिजवायचा, मग गूळ, खोबरं, खसखस, वेलची. पानात वाढली की वर तूप किंवा दूध. दाणा दाताखाली लागला पाहिजे, पण टोचता कामा नये. एवढ्याशा फरकासाठी घरातल्या बाया रात्रभर जागायच्या.

ती मेन्यूवर का नाही, याचं साधं कारण वेळ. दहा मिनिटांत टेबलावर येईल अशी ती वस्तू नाही, आणि दोन वाट्यांची करून जमत नाही. दुसरं कारण मला जास्त खुपतं. ज्या पदार्थाला आपण 'घरचं' म्हणतो त्याचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. हुग्गीची वाटी दीडशे रुपयांना ठेवली तर आपणच म्हणू, खिरीचे एवढे? त्याच पैशात ब्राउनी मात्र मुकाट्याने घेऊ.

मराठीत खाण्यावर लिहिण्याची परंपरा चांगली आहे. १९७०च्या 'रुचिरा'ने कितीतरी मुलींना वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवला. पण त्या मापात न मावलेलं जेवण कुठे गेलं? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या दलित घरांतलं जेवण नोंदवलं, तेव्हा 'महाराष्ट्रीय' जेवण म्हणून आपण किती छोटं ताट पुढे करत होतो ते दिसलं. ते पुस्तक वाचताना आठवणींचा गोडवा आड येत नाही, कारण हे का खावं लागलं हा प्रश्न लेखक सोडत नाही. सुट्टीवर आलेल्या माझ्यासारख्यांच्या लिहिण्यात नेमका तोच प्रश्न नसतो. हे कुणी केलं, किती वाजता उठून केलं, तिला ते करायचं होतं का.

मी हे सगळं आईला तिथेच बोलून दाखवलं नाही, बरं का. ती रोटीचा कडक भाग मोडून पनीरच्या रश्शात बुडवत होती आणि तिचं लक्ष मॅचकडे होतं. रस्सा गोडसर होता, काजूचा, जरा जास्तच मलईचा. मी चाखून नाक मुरडलं. तिने वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, फालुदा खाऊ. म्हणून विजापूर वेशीत गेलो. उंच ग्लास आला. तळाला सब्जा, त्यावर शेवया, गुलाबी सरबत, दूध, वर आइस्क्रीमचा गोळा आणि चार बेदाणे. मला सतव्यातला हालो-हालो आठवला : किसलेला बर्फ, आटवलेलं दूध, पाकातले घेवडे, फणस, जांभळ्या कंदाचा उबे, वर लेचे फ्लान नावाचं स्पॅनिश वळणाचं कस्टर्ड. हालो-हालो म्हणजे कालवाकालव. बर्फ किसून त्यावर गोड घेवडे घालायची रीत जपानी दुकानदारांनी आणली, दूध डब्यातलं, फ्लान स्पेनचं. फालुदाही इराणकडून दख्खनपर्यंत असाच वाटेत भर घेत आला. दोन्ही पदार्थांत अस्सल काय ते वेगळं काढायला गेलात तर ग्लासात बर्फाचं पाणी उरेल. आणि दोन्ही दुकानातच बरे लागतात. फालुदा घरी करून बघितलाय, शेवयांचा गोळा होतो.

हा फालुदा मात्र चांगला होता. सरबत बेताचं, शेवया मोकळ्या, सब्जा नीट फुगलेला. सोलापुरात दहा दिवसांत हॉटेलात खाल्लेल्यांत मी यालाच वर ठेवीन. त्याच्या पाटीवर 'सोलापुरी' लिहिलेलं नव्हतं.

आईने लांब चमच्याने तळ ढवळला. मी विचारलं, हुग्गी शेवटची कधी खाल्ली आपण?

"शेजारच्या काकूंच्या नातवाच्या लग्नात. केटररने केली होती," ती म्हणाली. "बरी होती. गहू जरा जास्त शिजला होता."

"काकू काय म्हणाल्या?"

"काकू? दोनदा घेतली त्यांनी. म्हणाल्या, पहिल्यांदाच बसून खाल्ली."

निघताना तिने चटणीची दोन पाकिटं बांधली, एक माझ्या सहकारीसाठी. दुबईत आल्यावर ती तिला दिली. तिने भातावर घेतली, वर लिंबू पिळलं आणि विचारलं, तुझ्या आईने केली का? मी म्हणालो, नाही, दुकानातली आहे.