चारपैकी एक: एका आकड्याची उलटतपासणी

'अमेरिकेत कॉलेजमध्ये शिकणाऱ्या दर चार मुलींपैकी एकीवर बलात्कार होतो.' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणार. कधी 'चार'च्या जागी 'पाच' असतं. कॅम्पसवरच्या लैंगिक अत्याचारांविषयी जनजागृतीचं पत्रक असो, भाषण असो की पीएचडीचा प्रस्ताव असो, सुरुवात बहुतेक वेळा ह्याच वाक्याने होते. आणि लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, बघा किती भयंकर आहे. दुसरा म्हणतो, आकडा फुगवलेला आहे. मूळ निबंध उघडून बघणारे मात्र दोन्ही गटांत थोडेच.

आज तोच निबंध उघडूया. मेरी कॉस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो १९८७ साली 'जर्नल ऑफ कन्सल्टिंग अँड क्लिनिकल सायकॉलॉजी'मध्ये छापला. तुम्ही नेट-सेटसाठी किंवा पेटसाठी वैधता, विश्वसनीयता, नमुना निवड ह्यांच्या व्याख्या पाठ करत असाल, तर त्या सगळ्या प्रत्यक्षात कशा पणाला लागतात हे ह्या एका निबंधात दिसतं. आणि ह्यात जे पणाला लागलंय ते नुसते मार्क नाहीत.

आधी काय होतं?

हा विषय ऐंशीच्या दशकात कुणाला अचानक सुचला, असं नाही. १९५७ सालीच कर्कपॅट्रिक आणि कॅनिन ह्या समाजशास्त्रज्ञांनी एका विद्यापीठातल्या २९१ विद्यार्थिनींना विचारलं होतं. त्या शैक्षणिक वर्षात एकदा तरी नको असलेली शारीरिक सलगी सोसावी लागली, असं ५५.७ टक्के मुलींनी सांगितलं. ह्यात जबरदस्तीच्या चुंबनापासून पुढचं सगळं येतं, हे ध्यानात ठेवा. तो निबंध छापून आला, आणि बराच काळ त्यावर फारसं काही घडलं नाही.

कॉस यांनी काय वेगळं केलं? त्यांनी प्रश्न बदलला. तोवर पाहण्यांचा कल असा होता: तुमच्यावर बलात्कार झाला आहे का? उत्तर हो किंवा नाही. कॉस यांनी १९८२ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर जी प्रश्नावली तयार केली, तिने हा सरळ सवाल बाजूला ठेवून घडलेल्या कृतींबद्दल विचारलं. तुमची इच्छा नसताना, समोरच्या पुरुषाने हात पिरगाळला, दाबून धरलं किंवा तशी धमकी दिली म्हणून संबंध आला, असं कधी झालंय का? अशा प्रश्नांची ती प्रश्नावली. झालेल्या गोष्टीला नाव काय द्यायचं हे उत्तर देणाऱ्यावर सोपवलेलंच नाही. तिने फक्त काय घडलं ते सांगायचं. ते कायद्याच्या व्याख्येत बसतं की नाही, हे संशोधक नंतर ठरवणार.

ह्याच प्रश्नावलीने ३२ संस्थांतल्या ६,१५९ विद्यार्थ्यांना विचारलं गेलं. त्यात ३,१८७ मुली. बलात्काराच्या तेव्हाच्या कायदेशीर व्याख्येत बसणारा अनुभव आलेल्या मुली १५.४ टक्के निघाल्या, प्रयत्न झालेल्या आणखी १२.१ टक्के. बेरीज २७.५ टक्के. हाच तो 'चारपैकी एक'.

आकड्याचं काय झालं?

आता मूळ निबंध आणि पत्रकातलं वाक्य शेजारी ठेवून बघा. निबंधातला २७.५ टक्के हा वयाच्या चौदाव्या वर्षापासूनचा हिशेब आहे. म्हणजे त्यात शाळेतलं वय आलं, घर आलं, गावातला ओळखीचा मुलगा आला. शिवाय त्यात प्रयत्नही धरलेत. पत्रकात मात्र ते 'कॉलेजमध्ये बलात्कार झाला' असं होऊन बसतं. 'कॉलेजात शिकणाऱ्या मुली' आणि 'कॉलेजात असताना' ह्यातला फरक एका शब्दाचा आहे, पण तो पुसला की कालावधी बदलतो, जागा बदलते, आणि जबाबदार संस्थाही बदलते. कॉस यांच्या तक्त्यात ही चूक नाही. ती उद्धृत करणाऱ्यांनी केली आहे.

'पाचपैकी एक'चीही गोष्ट अशीच. तो २००७ च्या एका वेगळ्या अभ्यासातून आला: दोन मोठी सरकारी विद्यापीठं, ५,४४६ पदवी विद्यार्थिनी, ऑनलाइन पाहणी. कॉलेजात आल्यापासून लैंगिक हल्ला किंवा त्याचा प्रयत्न झालेल्या १९ टक्के. ह्यात जबरदस्तीचा स्पर्शही मोजलेला आहे. ओबामांच्या काळात व्हाइट हाऊसने २०१४ मध्ये ह्या प्रश्नावर मोहीम उघडली तेव्हा हाच आकडा देशभर गाजला. त्याच वर्षी खुद्द त्या अभ्यासाच्या संशोधकांना जाहीर लेख लिहून सांगावं लागलं की, बाबांनो, हा दोन विद्यापीठांचा आकडा आहे, तो देशाचा प्रातिनिधिक आकडा म्हणून वापरू नका.

पुढे २०१५ मध्ये २७ विद्यापीठांची मिळून पाहणी झाली. दीड लाख विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली आणि पदवी विद्यार्थिनींमध्ये प्रमाण आलं २३.१ टक्के. दीड लाख ऐकून आपण दिपून जातो. पण प्रतिसादाचा दर होता १९.३ टक्के. म्हणजे दर पाचांतल्या साधारण चौघांनी उत्तरच दिलं नाही. ज्यांच्यावर काही गुदरलंय त्यांनीच जास्त उत्तरं दिली असतील, की त्यांनीच जास्त टाळली असतील? दोन्ही शक्य आहे. नमुना नुसता मोठा असून भागत नाही, हे पुस्तकातलं वाक्य इथे जिवंत होतं. ह्याच पाहणीत विद्यापीठा-विद्यापीठांत प्रमाण १३ टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत बदलत होतं. तेव्हा सगळ्या देशाला एक आकडा चिकटवण्यापेक्षा हा फरक कशाने पडतो, हा प्रश्न संशोधनाला जास्त मोलाचा आहे.

दुसऱ्या टोकाचा आकडा

आकडा फुगवलेला आहे म्हणणारे २०१४ च्या एका सरकारी अहवालाकडे बोट दाखवतात. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने १९९५ ते २०१३ ची गुन्हे-पाहणी तपासून सांगितलं की १८ ते २४ वयाच्या विद्यार्थिनींमध्ये बलात्कार व लैंगिक हल्ल्याचं प्रमाण वर्षाला दर हजारी ६.१ आहे. कुठे शेकडा वीस आणि कुठे हजारी सहा!

पण थांबा. एक आकडा एका वर्षाचा आहे, दुसरा अनेक वर्षांचा. त्यांची थेट तुलनाच होत नाही. तरी वर्षांचा हिशेब जुळवल्यावरही मोठी दरी उरते. ती का? कारण ही पाहणी स्वतःची ओळखच गुन्ह्यांची पाहणी म्हणून करून देते. घरफोडी, चोरी, मारहाण यांच्या रांगेत लैंगिक हल्ल्याबद्दल विचारलं जातं. जिला आपल्या बाबतीत घडलेलं 'गुन्हा' वाटतच नाही, ती तिथे काय सांगणार?

ह्याचं उत्तर कॉस यांच्या निबंधातच सापडतं, आणि माझ्या मते ह्या निबंधातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा २७.५ नाहीच. ज्या मुलींचा अनुभव बलात्काराच्या कायदेशीर व्याख्येत बसत होता, त्यांतल्या साधारण २७ टक्के मुलींनीच त्याला बलात्कार म्हटलं. बाकी जवळजवळ तीन-चतुर्थांश मुलींनी ते नाव दिलं नाही. पोलिसांपर्यंत तर फक्त ५ टक्के गेल्या.

टीकाकारांचं म्हणणं

ह्याच जागी टीकाकारांनी कॉस यांना गाठलं. बर्कलीचे प्राध्यापक नील गिल्बर्ट यांचा मुद्दा साधा होता: जिच्या बाबतीत घडलं ती त्याला बलात्कार म्हणत नाही, तर तुम्ही कोण म्हणणार? दुसरा आक्षेप दारूच्या प्रश्नावर. पुरुषाने दारू किंवा अमली पदार्थ दिला म्हणून इच्छा नसताना संबंध आला का, अशा अर्थाचा तो प्रश्न होता. ह्यात शुद्ध हरपलेली मुलगीही येते आणि दोन पेग घेऊन नंतर हळहळणारीही येऊ शकते.

दारूचा आक्षेप मला पटतो. प्रश्न खरंच ढिसाळ होता. तो वगळला तर आकडा खाली येतो, पण प्रश्न मिटावा इतका येत नाही. २००७ मध्ये कॉस आणि इतरांनी प्रश्नावली सुधारली तेव्हा प्रतिकार करता येणार नाही इतकी नशा किंवा बेशुद्धी, असा मुद्दा स्पष्ट केला. दुसराही एक दोष तेव्हाच दुरुस्त झाला. १९८७ च्या निबंधात मुलींना फक्त काय सोसलं ते विचारलं होतं आणि मुलांना फक्त काय केलं ते. मुलावरही अत्याचार होऊ शकतो, ह्याला त्या रचनेत जागाच नव्हती.

पहिला आक्षेप मात्र अर्धाच पटतो. दुसऱ्याच्या अनुभवाला परस्पर नाव देणं ही संशोधकाने हाती घेतलेली मोठी सत्ता आहे, हे खरं. पण हात पिरगाळला गेला ही गोष्ट नाव दिल्या-न दिल्याने बदलत नाही. प्रामाणिक मार्ग एकच: दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापायचे. इतक्या जणींच्या बाबतीत हे घडलं, आणि त्यांतल्या इतक्याच जणी त्याला हे नाव देतात. कॉस यांनी ते केलं. त्यांच्या नावाने पत्रकं काढणाऱ्यांनी दुसरा आकडा गाळला.

मग आपल्याकडे काय?

२०१३ च्या कायद्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांसाठी २०१५ चे विनियम केले. ते मे २०१६ मध्ये अधिसूचित झाले. प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी, विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण असेल तर समितीत निवडून आलेले विद्यार्थी हवेत, तक्रार तीन महिन्यांत करायची, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, आणि वर्षाअखेर तक्रारींची आकडेवारी कळवायची. आता एखाद्या संस्थेच्या अहवालात 'प्राप्त तक्रारी: शून्य' असं छापलेलं दिसलं की ते कौतुकाने वाचलं जातं. ह्याच शून्याचा अमेरिकन भाऊबंद बघा. तिथे १९९० पासून कॅम्पसवरचे गुन्हे दरवर्षी जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. २०१५ च्या आकडेवारीत ८९ टक्के कॅम्पसनी बलात्काराच्या रकान्यात शून्य लिहिलं होतं. कुणाही अभ्यासकाला त्या शून्यावर विश्वास ठेवणं जड जाईल. तक्रारींचा आकडा तक्रार करण्याची सोय आणि हिंमत मोजतो. घटना मोजायच्या तर वेगळी पाहणी लागते.

दुसरी गोष्ट भित्तिपत्रकांची. आपल्याकडच्या कॅम्पसवर ठरावीक मजकूर असतो: लैंगिक छळ सहन करू नका, तक्रार करा, खाली फोन नंबर. १९८७ चे अमेरिकन टक्के जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत, आणि छळ म्हणजे बलात्कारही नव्हे. तरी कॉस यांचा धडा इथे लागू पडतो. हे पत्रक फक्त त्या मुलीशी बोलतं जिने घडलेल्या गोष्टीला आधीच 'छळ' असं नाव दिलंय. जिने अजून दिलेलं नाही, ती पत्रकासमोरून रोज जाते आणि ते आपल्यासाठी आहे असं तिला वाटतच नाही. तिला वाटतं, सर जरा तसेच आहेत. पत्रकानेही चांगल्या प्रश्नावलीसारखं कृतींबद्दल बोलायला हवं. प्रकरण तपासायला गाईड रात्री एकटीला घरी बोलावतो. नको म्हटल्यावर सही अडकते. फील्डवर्कला एकच खोली बुक होते. कॉन्फरन्सला जाताना प्रवासात हात खांद्यावरून खाली येतो. हे लिहा. वाचणारी स्वतःला ओळखेल.

तुम्ही संशोधनाच्या दारात उभे आहात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. पदवीला शिक्षक बरेच असतात, पीएचडीत गाईड एकच. सहामाही प्रगती अहवाल, फेलोशिपच्या कागदावरची सही, शिफारसपत्र, सगळं त्याच एका माणसाच्या हातात. तेव्हा हेही माहीत असू द्या: ह्याच विनियमांत अशी तरतूद आहे की चौकशी चालू असताना तक्रारदाराच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून समोरच्या व्यक्तीला रोखता येतं. तुमच्या समितीत कोण आहे आणि विद्यार्थी सदस्य खरंच निवडून आलेत का, हे प्रवेशाच्या महिन्यातच बघून ठेवा. मुलगा असाल तरीही. शेजारच्या टेबलावरची सहकारी कधी अर्धवट काही बोलली, तर 'मग हा छळ आहे का?' असं विचारू नका. 'काय झालं?' एवढंच विचारा.

ह्या विषयावर पाहणी करायची मनात असेल तर प्रस्तावात पाच गोष्टी आधी लिहा: कोणत्या कृती, किती कालावधीत, कोणत्या ठिकाणी, किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं. सहावी गोष्ट, प्रश्न वाचून जिला रडू फुटेल तिच्यासाठी त्या दिवशी तिथे कोण असेल. परवानगीचीही तयारी ठेवा. कॉस यांना ३२ संस्था मिळवण्याआधी अनेक संस्थांनी दार लावून घेतलं होतं. कुणी नकार दिला तर तारीख घालून नोंद करा. किती संस्थांनी विचारूच दिलं नाही, हाही तुमच्या प्रबंधातला एक आकडा आहे. तो छापा.