न केलेल्याची कबुली

जेसन रेनॉल्ड्स आणि ब्रेंडन कायली यांच्या ‘ऑल अमेरिकन बॉइज’ (२०१५) या कुमार कादंबरीत दोन मुलं आळीपाळीने बोलतात. दुकानात चोरीच्या नुसत्या संशयावरून एक पोलीस रशाद या काळ्या मुलाला बेदम मारतो. क्विन हा गोरा मुलगा ते पाहतो आणि गप्प बसतो, कारण त्या पोलिसानेच त्याला वडिलांची माया दिलेली असते.

अमेरिकेतल्या कॅथलिक हायस्कुलांसाठी हे पुस्तक मला फार मोलाचं वाटतं, ते क्विनमुळे. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, भाविक केलेल्या पापांबरोबर करायचं राहून गेल्याचीही कबुली देतात. क्विनचं पाप नेमकं तेच आहे आणि त्यासाठीचे शब्द या मुलांच्या तोंडी लहानपणापासून आहेत. वंशवादाबद्दल शिकवताना एवढी तयार भाषा सरकारी शाळेतल्या शिक्षकाला मिळत नाही. तिचा उपयोग मात्र फार थोडा होतो, हे मला खुपतं.

साहित्य पुढे गेलं आहे. अँजी थॉमसच्या ‘द हेट यू गिव्ह’मधली (२०१७) स्टार काळ्या वस्तीत राहते आणि गोऱ्यांच्या खाजगी शाळेत जाते, शाळेच्या फाटकापाशी तिची बोली बदलते. फीवर चालणाऱ्या कॅथलिक शाळेतही अशी स्टार एखाद्या बाकावर बसलेली असू शकते. शिकवण्याची रीत मात्र ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’च्या (१९६०) वळणाची राहिली आहे. तिथे वाचक सज्जन गोऱ्या वकिलाच्या बाजूने उभा राहतो आणि स्वतःला निर्दोष समजून पुस्तक मिटतो. स्टारची गोष्टही तशीच वाचली, तर डोळे पाणावतात, निबंध लिहून होतो आणि आपल्या शाळेचा विषय निघतच नाही.

तो काढायला आधार भरपूर आहे. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी २७२ गुलाम माणसं विकली. त्या पैशाचा काही भाग त्यांच्याच जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फेडण्यात गेला. म्हणजे कॅथलिक शिक्षणाच्या पायात ही विक्री आहे. त्याच मेरीलँडमध्ये, बाल्टिमोरला, १८२९ साली मदर मेरी लँग यांनी काळ्या जोगिणींचा संघ उभारला. गुलामी कायदेशीर असताना त्या काळ्या मुलांना शिकवत होत्या. या दोन्ही गोष्टी कादंबरीच्या शेजारी ठेवायला हव्यात. पहिली वगळली, तर चर्च नुसतं उपकारकर्तं दिसतं. दुसरी वगळली, तर काळे कॅथलिक दिसेनासेच होतात. अमेरिकन बिशपांनी २०१८ च्या वंशवादविरोधी पत्रात चर्चच्या सहभागाची कबुली दिलीच आहे. मग वर्गात संकोच कशाचा?

हा संकोच अनाठायी आहे, असं म्हणताना जीन लुएन यँग यांची ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ (२००६) ही चित्रकादंबरी आठवते. तिच्यात चिनी वंशाचा मुलगा आपला चेहराच नाकारून गोरा होऊन बसतो. आणि यँग तेव्हा ओकलंडच्या एका कॅथलिक हायस्कुलातच संगणक शिकवत होते.