तिजोरीतला सुरवंट

थॉमस नेगेल या अमेरिकी तत्त्वज्ञाचा वटवाघळावरचा निबंध १९७४ साली ‘फिलॉसॉफिकल रिव्ह्यू’मध्ये आला. मेंदूतल्या घडामोडींतून जाणीव कशी उपजते, हा त्याचा विषय. नेगेल मात्र मेंदूची चिरफाड करत बसत नाही, थेट वटवाघूळच पुढे करतो. ही निवड दाद देण्याजोगी आहे. गांधीलमाशी घेतली असती, तर तिला मुळात काही जाणवतं का, इथेच घोडं अडलं असतं. वटवाघूळ पडलं सस्तन, म्हणजे आपल्या भावकीतलं. पण अंधारात जग चाचपतं ते स्वतःच्याच चीत्काराच्या प्रतिध्वनीवर. बंद खोलीत बिथरलेलं वटवाघूळ ज्याने सोसलंय त्याला परकेपणा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, असा मिस्कील शेराही तो जाता जाता मारतो.

मग तो वाचकाला कामाला लावतो. समजा, हातांना पडदे फुटलेत, तिन्हीसांजेला उडत उडत तोंडाने किडे टिपताय, दिवसभर माळ्यावर पायांनी उलटे लटकताय. आपण रंगून हे सगळं करून पाहतो आणि नेमके तिथेच सापडतो. हे झालं आपण वटवाघळासारखं वागणं. खुद्द वटवाघळाला काय वाटतं, ते राहिलंच की! वाचकाची फजिती हाच इथे पुरावा.

एवढ्यावरून नेगेलला आत्मावाद्यांच्या पंक्तीला बसवण्याची घाई अनेकांना होते. त्यांनी त्याचा सुरवंट पाहावा. एक सुरवंट निर्जंतुक तिजोरीत कोंडला. रूपांतर म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसाने काही आठवड्यांनी ती उघडली, तर आत फुलपाखरू. तिजोरी मध्ये उघडलीच नव्हती याची त्याला खात्री असेल, तर हे फुलपाखरू म्हणजेच तो सुरवंट, हे त्याला मानावं लागेल. पण कोणत्या अर्थाने, याचा पत्ता नाही. मेंदू आणि अनुभव एकच असतीलही, आपण त्या माणसाच्या जागी आहोत. एका परिच्छेदात केवढा संयम!

शेवट मात्र लंगडा आहे. जन्मांधाला पाहण्याचा अनुभव समजावू शकेल अशी वस्तुनिष्ठ परिभाषा घडवा, असं तो सुचवतो. लाल रंग तुतारीच्या आवाजासारखा, असल्या उपमा त्यात चालणार नाहीत म्हणतो. अनुभवाच्या रचनेकडे बोट दाखवतो. त्या परिभाषेतलं एक वाक्यही लिहून दाखवत नाही.