तासाचा भाव आणि खेळाची किंमत

भिंगारमध्ये कॉलेजातल्या मुलांशी व्हिडिओ गेमबद्दल बोलू लागलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'किती तास चालतो?' फुकटच्या गेममध्ये बंदुकीच्या नव्या रंगासाठी सहज पैसे मोजणारा मुलगा चार-सहा जणांनी स्वतःच्या हिमतीवर केलेला गेम विकत घेताना मात्र हा भागाकार करतो. त्याला कंजूष म्हणण्याचे कारण नाही. बाजाराने शिकवलेले गणित तो मांडतो. पण गणित चुकीचे आहे. आमच्या जवळच्या रणगाडा संग्रहालयातून माणूस तास-दीड तासात बाहेर पडतो, आणि तिकिटाला तासांनी भागणारा मला अजून भेटलेला नाही.

या संदर्भात पुण्यातला एक गेम तपासण्यासारखा आहे. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या स्टुडिओने केला. किकस्टार्टरवर लोकांकडून निधी उभारण्याची त्यांची मोहीम फसली. तरीही २०२० मध्ये गेम आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. चार-पाच तासांत तो संपतो.

राजी ही कसरती करून पोट भरणाऱ्यांतली मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि दुर्गेचा त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधात निघते. तिला युद्धकला अशी कोणी शिकवलेली नाही. ती भिंतीवरून धावते, खांबाभोवती गिरकी घेते आणि त्याच झोकात वार करते. खेळ दाखवताना अंगात मुरलेली कसरत इथे जीव वाचवते, हे संवादातून कळण्याआधी आपल्या बोटांना कळते. पैसे द्यावेत ते अशा गोष्टीसाठी, असे माझे मत आहे. कादंबरी किंवा चित्रपट मला हे याच रीतीने देऊ शकत नाही.

दोषही आहेत. दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन अनेकदा भिंतीवरच्या चित्रांनी सांगून झालेले पुन्हा सांगते. उत्तरार्धातल्या लढाया एकसुरी होतात आणि शेवट तर मध्येच तुटल्यासारखा वाटतो. मात्र यातला एकही दोष लांबी वाढवून गेला नसता. आठ तासांचा 'राजी' म्हणजे त्याच लढाया दुप्पट.

उलट उदाहरण टोरांटोच्या 'विसाई गेम्स'ने २०२३ मध्ये आणलेल्या 'वेण्बा'चे. १९८८ मध्ये कॅनडात असलेले तमिळ कुटुंब, आईकडून आलेली फाटकी पाककृतींची वही आणि तिच्यातल्या पुसलेल्या ओळी स्वयंपाक करता करता भरून काढणे, एवढाच खेळ. दीड तासाच्या आसपास सगळे आटोपते. त्यातला एकही प्रसंग मला फालतू वाटला नाही. २०२४ मध्ये पदार्पणाचा बाफ्ता पुरस्कार त्याला मिळाला.

आता 'स्टीम' या ऑनलाइन दुकानाचा नियम पाहा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर गेम परत करून पैसे मिळतात. बिघडलेला गेम गळ्यात पडू नये म्हणून असा नियम हवाच. पण 'वेण्बा'सारखा गेम संपवून, डोळे पुसून परत करता येतो! २०२१ मध्ये 'समर ऑफ '५८' या छोट्या भयगेमच्या कर्त्याने नेमक्या याच कारणाने गेम बनवणे अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याचा गेम दोन तासांच्या आत संपत होता. मग पुढचा कर्ता काय करील? नियमात बसावे म्हणून रिकामे मार्ग लांबवील, चाव्या शोधायला लावील, आणि आपण ते 'भरपूर तास' म्हणून कौतुकाने मोजू.

मराठीपणाला मी वेगळी सवलत देणार नाही. पुण्यात घडलेल्या 'राजी'ला २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज मिळाला, मराठी नाही. मिळाला असता तर मी आवडीने ऐकला असता; निवेदन लांबल्याची तक्रार तेवढी मराठीतून केली असती.