हरवलेले की न विचारलेले?

कणभौतिकीत ‘हरवलेले अनुनाद’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. सिद्धान्ताने भाकीत केलेल्या, पण प्रयोगात न सापडलेल्या बॅरिऑन-अवस्थांचे हे नाव. माझा आक्षेप त्यातल्या ‘हरवलेले’ या विशेषणावर आहे.

प्रोटॉन, न्यूट्रॉन हे तीन क्वार्कांचे बॅरिऑन. त्यांना ऊर्जा मिळाली की उत्तेजित अवस्था तयार होतात आणि प्रबल आंतरक्रियेमुळे लगेच मोडतात. १९५२ साली शिकागोत एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजनवर पायॉनांचा झोत सोडला, तेव्हा त्यांतल्या पहिलीची, डेल्टाची, चाहूल लागली. सेकंदाचे एकावर चोवीस शून्ये इतके भाग केले, तर त्यातले पाच-सहा भाग एवढेच डेल्टाचे आयुष्य. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम एका प्रोटॉनच्या रुंदीइतका सरकतो. म्हणजे डेल्टा कुणी ‘पाहिलेला’ नाही. मागे उरलेल्या पायॉन आणि न्यूक्लिऑनवरून तो ओळखला जातो. १९६४ साली डेव्हिड रोपर यांना गवसलेली अवस्था तर आलेखात ठळक शिखरही दाखवत नाही. ती गणिती विश्लेषणातूनच हाती लागली.

मोडण्यावरूनच ओळख पटणार असेल, तर आपण कोणते तुकडे शोधतो याला महत्त्व येते. पूर्वीची बहुतेक माहिती पायॉन-न्यूक्लिऑन टकरींतून आलेली. या जोडीशी ज्या अवस्थेचे फारसे जमत नाही, ती त्या टकरीत सहसा तयारही होत नाही आणि खूणही ठेवत नाही. १९८०मध्ये रोमन कोनियुक आणि नेथन इस्गुर यांनी क्वार्क-प्रतिमानावरून गणित करून नेमके हेच दाखवले.

‘आहे, पण तुम्हाला दिसणार नाही’ हा बचाव म्हणजे झाकली मूठ सवा लाखाची, असे कुणी म्हणेल. पण या दोघांनी मूठ उघडली होती: कोणती अवस्था कोणत्या तुकड्यांत मोडेल, याचे आकडेच त्यांनी मांडले. पुढे अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी प्रोटॉनवर फोटॉन सोडून केऑन आणि लॅम्डा ही जोडी तपासली गेली. एन-१९०० ही अवस्था एकेकाळी कणांच्या अधिकृत सूचीत दोन तारे बाळगून होती. अशा मोजमापांच्या आधारावर तिला आता चार तारे मिळाले आहेत.

तरीही सगळा हिशेब जुळलेला नाही. तीनपैकी दोन क्वार्क घट्ट जोडीने राहतात असे मानले, तर मुळात अवस्थाच कमी निघतात. मग हरवले काय? ‘हरवलेले’ म्हणणारा त्यांचे अस्तित्व गृहीत धरतो आणि ‘नाहीतच’ म्हणणारा सगळी दारे ठोठावून झाली असे समजतो. मला दोन्ही घाई वाटते. ‘अजून न विचारलेले’ हे नाव कमी आकर्षक आहे, पण त्यात पुढच्या प्रयोगाला जागा आहे.