जनगणनेच्या रकान्यातली गोरमाटी

जालना जिल्ह्यातल्या तांड्यांवर आईला ‘याडी’ म्हणतात. ही गोरमाटी, बंजारा समाजाची भाषा. २०११च्या जनगणनेच्या भाषातक्त्यात ती मराठीखाली नाही, स्वतंत्र भाषांमध्येही नाही. ती आहे ‘हिंदी’ या शीर्षकाखाली, तीही ‘लमाणी/लंबाडी’ आणि ‘बंजारी’ अशा दोन नावांत विभागलेली. एकट्या ‘लमाणी/लंबाडी’चे भाषक देशभरात ३२ लाखांहून अधिक नोंदलेले आहेत.

भाषेचे कूळ शब्दांवरून ठरवत नाहीत, कारण शब्द बाजारातही मिळतात. त्यासाठी प्रत्यय, सर्वनामे आणि नियमित ध्वनिबदल तपासावे लागतात. गोरमाटीत ‘आहे’च्या जागी ‘छ’ येतो, षष्ठीला ‘चा-ची’ नसून ‘रो-री’ लागतो. ही खूण राजस्थानी-गुजरातीकडे नेते. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने १९०७ साली नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली आणि खानदेशीसोबत तिचा विचार केला, तो याच वाटेने. मात्र निजामाचे राज्य त्या पाहणीच्या कक्षेबाहेर होते, आणि जालना तेव्हा त्याच राज्यात. म्हणजे आपल्या भागाचा पुरावा मुळातच तोकडा. मराठवाड्यातले अभ्यासक ग्रियर्सनचा हवाला देताना हे क्वचितच सांगतात.

शिवाय कुळाचा वृक्ष शेजाराचा हिशेब ठेवत नाही. जालना शहरातल्या दखनीला जनगणना उर्दूत मोजते. पण तिच्यातला ‘नक्को’ आणि शब्दाला चिकटून जोर देणारा ‘च’ मराठीचे. मराठी तरी कुठे सोवळी आहे? ‘आम्ही’ आणि ऐकणाऱ्यालाही सामावून घेणारे ‘आपण’ हा भेद द्राविडी शेजाराशी जोडला जातो. १९५६ साली एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे मांडले, ते अशाच देवघेवीच्या आधारावर.

तेव्हा जनगणनेचा रकाना ना कुळाचा, ना शेजाराचा. तो प्रशासनाचा आहे, आणि तसे म्हणायला हरकत नसावी. हरकत आहे ती तो भाषाशास्त्राचा निर्वाळा म्हणून वापरण्याला. तांड्यावरचे मूल पहिलीत मराठी पुस्तक उघडते. तक्त्याच्या हिशेबात त्याची भाषा हिंदी. मातृभाषेतून शिक्षणाची योजना आखणाऱ्याला इथे गोरमाटी दिसणार कशी?

त्याच तक्त्यात खानदेशीला, जिच्यात अहिराणी मोजली जाते, स्वतंत्र भाषेचे स्थान आहे. ग्रियर्सनच्या त्या भागात दोघी शेजारणी होत्या. एकीला वेगळे घर आणि दुसरी हिंदीच्या पदरात, असे का, याचे व्याकरणातून निघणारे कारण तक्ता देत नाही.